एकदा बसला की बसला

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी, बघायला आलेला पाहुणा काचेसमोर उभा राहतो. मी कुणाकडे गेलो की आधी खालच्या कपाटाचं दार उघडायला सांगतो. वरच्या टाकीतलं पाणी पाईपमधून तिथल्या सम्पमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. हा फेरा दिवसरात्र चालतो, तोही फ्लॅटच्या हॉलमध्ये, लाकडी कपाटात, विजेच्या बोर्डाशेजारी. म्हणून माझा जीव त्या पाईपांच्या जोडांत अडकलेला असतो.

काम दुकानापासूनच जपून करावं लागतं. ‘एक इंची’ म्हटलं की दोन वेगळ्या मापांचे पीव्हीसी पाईप समोर येऊ शकतात. घरच्या नळकामाचा शेड्यूल ४० पाईप बाहेरून ३३.४ मिलिमीटर असतो, तर शेताच्या लाइनीचा ३२. नजरेला फरक कळत नाही. पण ३२चा पाईप एक इंची एल्बोत खुळखुळतो आणि तिथे चिकटवायचं सोल्युशन कितीही ओतलं तरी जॉइंट धरत नाही. फिटिंगचं तोंड आत किंचित निमुळतं होत जातं. कोरडा पाईप एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन घट्ट अडायला हवा. हे दुकानातच घालून बघावं. आटेवाली फिटिंग घेताना आत पितळ नाही ना, हेही बघावं. सीपीव्हीसीच्या नळाच्या एल्बोत पितळी आटे हमखास असतात. गोड्या पाण्याला ते उत्तम, पण खाऱ्या पाण्यात पितळातलं तांबं सुटतं आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना अगदी थोडं तांबंही मारक ठरतं.

पाईप काटकोनात कापला गेला पाहिजे. कागदाची पट्टी पाईपभोवती गुंडाळून तिच्या कडा जुळवल्या की रेघ आपोआप सरळ येते. त्या रेघेवर हॅक्सॉ चालवावी. कापलेल्या कडेची कुसं आतून-बाहेरून खरवडून काढावीत आणि बाहेरची कड कानशीने थोडी उतरती करावी. धारदार कड आत जाताना सोल्युशन खरवडत पुढे ढकलते आणि जोडाच्या भिंती कोरड्या राहतात.

यानंतर सगळी लाइन सोल्युशनशिवाय जुळवून बघायची. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. कपाटाचं दार लागतं का, पंप बाहेर निघतो का, व्हॉल्व्हच्या दांडीला फिरायला जागा आहे का. कोरडा पाईप तळापर्यंत जात नाही, त्यामुळे खरी लाइन प्रत्येक जोडाला थोडी आखूड होणार, ते धरून माप घ्यायचं. मग पाईप आणि फिटिंग या दोघांवरून मार्करने एकच रेघ ओढायची, म्हणजे ऐनवेळी एल्बोचं तोंड कुठे हवं ते शोधावं लागत नाही.

आता सोल्युशनचा डबा उघडायचा. खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद. सोल्युशनमधली टेट्राहायड्रोफ्युरानसारखी द्रावकं पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतात. पाईपला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ हात द्यायचा, लगेच पाईप आत घालून पाव वळसा देत तळाला टेकवायचा, रेघेला रेघ मिळवायची आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरायचा. या अर्ध्या मिनिटात घाई करू नये. निमुळत्या तोंडामुळे पाईप बाहेर सरकू बघतो. तळहाताला तो रेटा स्पष्ट कळतो, आणि मग हळूहळू ओसरतो. जोडाच्या कडेला सगळीकडून सारखी, चमकदार कड उमटली की समजावं, आत कोरडी जागा राहिली नाही. द्रावक उडून गेल्यावर पाईप आणि फिटिंग मिळून एकच प्लास्टिक होतं. पुढे ते फक्त कापता येतं.

म्हणूनच पंपाजवळ आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पुन्हा उघडता येणारे जोड, हवेत. चार पैसे जास्त जातात, पण पंप साफ करायला निघतो. युनियन आतल्या रबरी रिंगवर बसतं, त्यामुळे हाताने आवळलेलं पुरतं. पान्हा लावला की प्लास्टिकला चीर जाते.

दुसऱ्या दिवशी आधी साधं पाणी फिरवून प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर धरून बघतो. तरीही बारीक झिरप सुटू शकते, कारण साधं पाणी वाळून जातं. मीठ मात्र तिथेच राहतं. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असलेलं पाणी जोडातून पाझरलं, तर काही दिवसांत त्या जागी पांढरी खरखरीत पुटं चढतात.

  

शेवटची परीक्षा लोडशेडिंगची. पंप मुद्दाम बंद करायचा. वर जाणारा पाईप आता उलटा वाहू लागतो आणि वरचं पाणी सम्पमध्ये ओढून आणतो. काहीजण तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून निश्चिंत होतात. मला त्याचा भरवसा नाही. त्याच्या झडपेवर चुन्याचे थर चढतात आणि ती अर्धवट उघडी राहते. वरच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, पाईपला एक भोक पाडलं की पातळी तिथवर येताच हवा आत शिरते आणि ओढ तुटते. तोवर उतरलेलं सगळं पाणी सम्पमध्ये मावलं पाहिजे. त्या भोकात शेवाळ धरतं, तेव्हा काच पुसताना टूथपिकने तेही मोकळं करावं.