मॉन्टेग्यू ड्रुइट: बॅरिस्टर, बोलर आणि पोलिसांच्या कागदावरचं एक नाव

हेडफोन लावलेत ना? आजच्या माणसाचं नाव सर्च केलंत तर लगेच 'जॅक द रिपर' समोर येईल. म्हणून आधी ऐका, मग शोधा.

मॉन्टेग्यू जॉन ड्रुइट. जन्म १८५७, इंग्लंडच्या डॉर्सेटमधलं विम्बर्न. वडील सर्जन. शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्डला, १८८५ मध्ये बॅरिस्टर. वकिली करता करता लंडनच्या ब्लॅकहीथ भागात एका बोर्डिंग शाळेत शिकवायचा. पण जीव सगळा क्रिकेटमध्ये. हौशी खेळाडू, चांगला बोलर, एमसीसीचा मेंबर, ब्लॅकहीथच्या क्लबचा खजिनदार.

ऑगस्ट १८८८ मध्ये मुंबईची पारशी टीम इंग्लंड दौऱ्यावर होती. बोर्नमथला ड्रुइटने त्यांच्या पहिल्या डावात पाच विकेट काढल्या. तरी मॅच आपल्या पारशांनीच मारली! (हे वाचून मी रात्री दीड वाजता एकटाच टाळ्या वाजवल्या.)

त्याच महिन्याच्या शेवटी लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये बायकांचे खून सुरू झाले. शेवटचा ९ नोव्हेंबरला. इकडे ड्रुइटच्या घरात वेगळंच चाललेलं. आईला जुलैतच मनोरुग्णालयात ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याची शाळेतली नोकरी गेली. ३१ डिसेंबरला थेम्स नदीत त्याचा मृतदेह सापडला. वय ३१. आपलंही आईसारखंच होणार, या भीतीची चिठ्ठी मागे होती. चौकशीत निकाल आला: मनाचा तोल गेल्याने आत्महत्या. खुनांचा तिथे विषयही नव्हता.

मग १८९४ मध्ये मेलव्हिल मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याने एक टिपण लिहिलं. त्यात तीन संशयित, एक ड्रुइट. हा अधिकारी पोलिसात आला १८८९ मध्ये, म्हणजे सगळं संपल्यावर. त्याने ड्रुइटला डॉक्टर म्हटलंय! टिपणाच्या एका प्रतीत वय ४१. शेवटच्या खुनाच्या वेळीच तो गायब झाला, असंही लिहिलंय. प्रत्यक्षात त्यानंतर तीन आठवडे तो होता. घरच्यांनाच संशय होता म्हणे, पण पुरावा कुठेच दिलेला नाही.

पहिल्या नोकरीत एकदा सर्व्हर पडला आणि शेवटचा कमिट माझा, म्हणून दोन दिवस सगळे माझ्याकडे बघत होते. कारण भलतंच निघालं, मी सुटलो. ड्रुइटच्या बाबतीत लॉग तपासायला कोणी बसलंच नाही. १९६० च्या दशकात नाव छापून आलं आणि पुस्तकांची रांग लागली.

आता क्रिकेटचं. ८ सप्टेंबरला पहाटे अ‍ॅनी चॅपमनचा खून झाला आणि त्याच सकाळी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर खेळत होता. खरं सांगायचं तर यावरून तो सुटत नाही, ट्रेनने पोचता येतं. पण रात्रभर तसलं काही करून सकाळी मॅचला? मला नाही पटत. प्रत्यक्ष तपासावर असलेल्या इन्स्पेक्टर अ‍ॅबरलाइननेही १९०३ मध्ये सांगितलं होतं, की त्या वेळी मृतदेह मिळाला, यापलीकडे त्याच्याविरुद्ध काही नाही.

चला, आता करा सर्च. बोर्नमथच्या मॅचपासून सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात!