रांग किती लांब, यापेक्षा किती वेळ ताटकळली ते बघा: मेसेज क्यूवर अलार्म कसा लावायचा

ओटीपी मागवला, स्क्रीनवरचा टायमर संपला आणि मग एसएमएस आला, असं तुमचंही झालं असेल. दर वेळी दोष नेटवर्कचाच नसतो. बऱ्याच ॲपचा सर्व्हर ओटीपी थेट पाठवत नाही. ‘या नंबरला हा मेसेज पाठव’ अशी चिठ्ठी तो एका रांगेत टाकतो. ही रांग म्हणजे मेसेज क्यू. दुसरा प्रोग्राम, कन्झ्युमर, एकेक चिठ्ठी उचलून काम उरकतो. तो बंद पडला तरी ॲप वरून ठणठणीत दिसतं, आत चिठ्ठ्या साचत जातात.

मी ॲमेझॉनची एसक्यूएस वापरतो, तेव्हा उदाहरण तिचंच. ॲमेझॉनचा मुंबई रीजन 2016 मध्ये सुरू झाला. एसक्यूएस आपले आकडे दर मिनिटाला क्लाऊडवॉचकडे पाठवते आणि अलार्म तिथे लावायचा.

बहुतेक जण पहिला अलार्म रांगेच्या लांबीवर लावतात. मला ते अर्धवट वाटतं. गणपतीत लालबागच्या राजाची रांग लांब असणारच, सरकतेय तोवर ठीक. खरा प्रश्न हा, की सगळ्यात आधी आलेला माणूस किती वेळ ताटकळतोय? त्यासाठी ‘अप्रॉक्झिमेट एज ऑफ ओल्डेस्ट मेसेज’ हा आकडा आहे, सेकंदांत. ओटीपी 5 मिनिटांत बाद होत असेल तर मर्यादा 60 ठेवा. बिलाच्या ईमेलला 900 सुद्धा चालेल.

एका मिनिटाच्या उसळीवर मात्र फोन वाजवू नका. ‘3 पैकी 2 मिनिटं’ अशी अट घालता येते. आमच्या खोताच्या वाडीत घरं इतकी चिकटून आहेत की रात्री तीनला माझा फोन वाजला की शेजारचे काकाही उठतात. फालतू अलार्म मला परवडतच नाही.

काही चिठ्ठ्या मुळातच बिघडलेल्या असतात, उदाहरणार्थ नंबरच नसलेली. तीनदा उचलूनही काम झालं नाही की एसक्यूएस अशी चिठ्ठी मागे ढकलते आणि वरचा आकडा पुढच्या चिठ्ठीचं वय दाखवू लागतो. म्हणजे ती नजरेतूनच सुटते! म्हणून डेड लेटर क्यू जोडा आणि तिच्यात एक जरी मेसेज दिसला तरी अलार्म वाजू द्या. इथे ‘नंबर ऑफ मेसेजेस सेंट’ घेऊ नका, कारण आपोआप हलवलेले मेसेज त्यात मोजलेच जात नाहीत. ‘अप्रॉक्झिमेट नंबर ऑफ मेसेजेस व्हिजिबल’ घ्या. मुदतही वाढवा. मेसेज मुळात 4 दिवस टिकतो, जास्तीत जास्त 14, आणि नंतर गुपचूप पुसला जातो. साध्या क्यूमध्ये हे दिवस मूळ रांगेत शिरल्यापासूनच धरले जातात.

अलार्मची बातमी एसएनएसमार्फत ईमेलवर येते. पण त्याआधी आलेल्या कन्फर्मेशनच्या लिंकवर क्लिक केलं नसेल तर काहीच येणार नाही. शेवटी टेस्टच्या क्यूवर कन्झ्युमर बंद करा, दहा मेसेज टाका आणि घड्याळ लावून बघा, फोन किती मिनिटांनी वाजतो ते.