तात्या विंचू आणि आमची कैफियत

परवा करमाळ्यात कार्यकर्त्यांच्या बैठकीनंतर चहा पिता पिता आम्ही सहज बोलून गेलो की, ‘झपाटलेला’ हा आमचा आवडता सिनेमा आहे. झाले! एका तरुण मित्राने तिथेच आमची उलटतपासणी सुरू केली. ‘वकीलसाहेब, तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. मंत्र म्हणून बाहुल्यात शिरणाऱ्या आत्म्याचे कौतुक कसे करता?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून कैफियत लेखी देत आहोत.

महेश कोठारे यांचा हा सिनेमा 1993 चा. त्याची मूळ कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन सिनेमातली. 1978 च्या ‘हॅलोविन’पासून तिकडे सुरा घेऊन एकेकाला गाठणाऱ्या खुन्यांच्या सिनेमांची लाटच आली. 1980 ला ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, 1984 ला ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’. ती लाट ओसरत असताना हा खुनी बाहुला आला. तिकडे बाहुल्यामागे यंत्रे आणि ती चालवणारी अनेक माणसे होती. आपल्याकडे रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज. तेवढ्यावर अख्ख्या महाराष्ट्रातली पोरे रात्री अंथरुणात आईला चिकटून झोपू लागली.

पण कोठाऱ्यांनी एक मोठा बदल केला, आणि आमचे कौतुक त्यासाठीच आहे. अमेरिकन सिनेमात बाहुल्याचा मालक सहा वर्षांचा मुलगा आहे. पोराचे कोणी खरे मानत नाही, यात नवल ते काय? इथे त्याच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आला. मोठा, साधा, घाबरट माणूस. खून बाहुला करतो आणि संशय लक्ष्यावर येतो. तो जीव तोडून सांगतो की मी काही केले नाही. लोक त्यालाच वेड्यात काढतात.

हा सिनेमा आम्ही वस्तीत, समाजमंदिरासमोर पाहिला. वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. बाहुल्याने डोळे फिरवले आणि नेमकी लाईट गेली. घरी जायच्या वाटेवर बाभळी, म्हणून एकही पोर जागचे उठले नाही. लाईट येईपर्यंत सगळे एकमेकांना धरून बसलो.

पुढे लक्ष्या ‘मी नाही, बाहुल्यानं केलं’ म्हणू लागला तेव्हा सगळी वस्ती हसत होती. आमच्या शेजारी बसलेले एक काका मात्र हसले नाहीत. एका वाड्यातल्या चोरीच्या संशयावरून त्यांना चौकीत नेले होते. तीन दिवस ते ‘साहेब, मी नाही’ एवढेच सांगत राहिले. चोर पुढे त्या वाड्यातलाच निघाला. काकांना कोणी साधे ‘चुकलं’सुद्धा म्हणाले नाही. त्या रात्री ते पडद्याकडे पाहून एवढेच पुटपुटले, ‘सांगून उपयोग नाय त्याचा.’

आज आम्ही फिर्यादी आणि आरोपी दोघांचीही वकीलपत्रे घेतो. अत्याचाराची फिर्याद घेऊन गेलेल्या माणसाला ‘तुला भास झाला असेल’ असे तोंडावर ऐकवलेले आम्ही पाहिले आहे. वेडेपणाचा बचाव कायद्यात आहे. जुने दंडसंहितेचे कलम 84, आता न्याय संहितेचे कलम 22. पण तो बचाव आरोपीने घ्यायचा आणि त्यानेच शाबीत करायचा असतो. लक्ष्याने तो घेतलेलाच नाही, दुसऱ्यांनी त्याच्यावर लादला आहे! अशा माणसाची भीती दाखवणारा सिनेमा आम्हाला भुताचा वाटत नाही.

राहिला अंधश्रद्धेचा मुद्दा. मंत्र गुंडाच्या हाती देतो तो बाबा चमत्कार. रामसे बंधूंच्या भुतांपुढे बहुधा त्रिशूळ येतो. इथे शेवट होतो तो इन्स्पेक्टरच्या गोळीने. ती दोन भुवयांच्या मधोमध मारायची हे बाबाच सांगतो, ते कबूल. पण डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतली 12 कृत्ये मित्राने एकदा वाचावीत. एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणे हा गुन्हा आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. खऱ्या विंचवापायी माणसे गमावलेल्या या मुलखात आम्हाला त्या कलमाची अंमलबजावणी हवी आहे. पडद्यावरच्या विंचवाने आमच्यातला कोणी मेलेला नाही.

मित्राचे अजून पटलेले नाही. पुढच्या महिन्यात वस्तीतल्या पोरांना हा सिनेमा दाखवायचा आणि त्याने कायद्यावर बोलायचे, एवढे ठरले आहे. आधी भाषण, असा त्याचा आग्रह होता. आम्ही म्हणालो, आधी सिनेमा. नाहीतर पोरे भाषण संपेपर्यंत थांबायची नाहीत.