गोळी, पोटऱ्या आणि पांझरेचा पाट

धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. दर चैत्रात ते मालेगाव, देवळा, कळवण करत सप्तशृंगी गडावर पायी जातात. खान्देश म्हणजे देवीचं माहेर, तेव्हा न जाऊन कसं चालेल? यंदा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. निघण्याआधी गोळी बंद करू का, असं विचारतात.

पांझरा नदीकाठच्या माणसाला ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, समजावणं सोपं. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटावर एकामागून एक फड, म्हणजे शेतांचे पट्टे. पाटकऱ्याने मुखाशीच दार खाली केलं की खालच्या सगळ्याच फडांचं पाणी घटतं. यकृतातल्या कोलेस्टेरॉलच्या पाटाचं दार म्हणजे एक विकर. स्टॅटिन तेच दाबतं. पण त्याच पाटावर क्यू-टेनचाही (कोएन्झाइम क्यू-१०) फड आहे, आणि स्नायूंना ऊर्जेसाठी क्यू-टेन लागतं. 

मग स्नायूंना फटका बसतो का? २०१३ साली अमेरिकेतल्या मिसुरीत ३७ जणांकडून १२ आठवडे व्यायाम करून घेतला. नुसता व्यायाम करणाऱ्यांचा दम १० टक्क्यांनी वाढला, सोबत सिमव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन घेणाऱ्यांचा जेमतेम दीड. आकडे घाबरवणारे खरे, पण ३७ माणसांत पदयात्रेची एक पंगत उठत नाही.

त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या नाइमेखनची पदयात्रा बघा. चार दिवस, रोज ३० ते ५० किलोमीटर. तिथल्या चालणाऱ्यांचं रक्त तपासलेला अभ्यास २०२३ साली आला. गोळी घेऊन त्रास नसणारे, गोळीने पाय दुखतात म्हणणारे आणि गोळी न घेणारे, तिन्ही गटांच्या स्नायूंची झीज सारखीच. क्यू-टेनमध्येही फरक नाही, म्हणजे माझ्या फडाच्या उपमेची पंचाईतच! ब्रिटनमध्ये तर त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी आणि खोटी गोळी दिली. खरीने झालेल्या त्रासातला ९० टक्के खोटीनेही झाला.

तेव्हा सर, गोळी आपल्या मनाने सोडू नका. डॉक्टरांना पोटऱ्यांचं सांगा, स्नायूंची झीज दाखवणारं रक्तातलं सीपीके तपासून घ्या. डोस किंवा गोळी बदलता येते. मात्र नाइमेखनला आपल्या चैत्राचं ऊन नसतं. वाटेत स्नायू झिजून लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर पुढचा मुक्काम न गाठता दवाखाना गाठा. गड पुढच्या वर्षी.