सौम्य हिवाळ्यातील मोटरबोट

अमेरिकेत सिएटलजवळच्या प्युजेट साउंडचे खारे पाणी हिवाळ्यात सहसा गोठत नाही. त्यामुळे अनेक मोटरबोटी वर्षभर पाण्यातच असतात. मात्र एखाद्या रात्री पारा शून्याखाली घसरतो. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते आणि इंजिनाच्या ओतीव लोखंडी ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून बाहेरचे पाणी थेट खेळवून थंड होणाऱ्या इंजिनाची बुचे उघडून पाणी काढून टाकतात. बुचाचे भोक गाळाने तुंबले असल्यास तारेने मोकळे करतात. वापरलेल्या तेलातील आम्लामुळे भाग गंजतात, म्हणून तेल थंडीआधीच बदलतात. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात उबेसाठी ठिणगीचा धोका नसलेला, बोटीसाठीच बनवलेला हीटर लागतो. तळाशी साचणारे पावसाचे पाणी पंपाने उपसले जावे, यासाठी बॅटरी चार्ज ठेवतात.