घनफुटाचा हिशेब आणि आपली जुनी घरं

घर बांधायला काढलं की सिमेंटचं पोतं कितीला, सळई किलोला किती, हे आठवड्याभरात घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. लाकडाचं तसं होत नाही. वखारीत जाऊन 'रेट हेळ्री' म्हटलं की समोरून एक आकडा येतो. तो आपण दुसऱ्या वखारीतल्या आकड्याशी ताडून बघतो आणि स्वस्त वाटेल तिथे ऑर्डर देतो. दोन्हीकडे 'एक घनफूट' म्हणजे तेवढंच लाकूड मिळणार का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्या क्षेत्रात एकक न विचारता आकडा वापरण्याचे किस्से खूप आहेत. सगळ्यात महागडा किस्सा १९९९ चा. एका चमूने पौंडात आणि दुसऱ्याने न्यूटनमध्ये हिशेब केला, आणि नासाचं मंगळाकडे गेलेलं यान हातचं गेलं. वखारीत एवढं मोठं काही होत नाही, पण एका चौकटीमागे हजारभर रुपये सहज इकडचे तिकडे होतात. शिवाय आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत सध्या दोन कामं एकदमच निघतात: जुनं घर पाडायचं आणि त्याच जागेवर नवं बांधायचं. म्हणजे आपण लाकूड विकतो आणि विकत घेतोही. विकताना ठोक आणि घेताना घनफुटाने! गोंधळ आहे तो इथेच.

एकच ओंडका, चार आकडे

चिरलेल्या लाकडाचं सूत्र सोपं आहे. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात; तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. उत्तर घनफुटात, म्हणजे वखारीच्या भाषेत सीएफटीत. दाराची चौकट ५ बाय ३ इंचाची, ७ फूट उंच, वरची पट्टी आणि उंबरा साडेतीन फुटांचे धरले तर एकूण २१ फूट लांबी होते. ५ × ३ × २१ ÷ १४४, म्हणजे जवळजवळ २.२ घनफूट.

गोल ओंडक्याचं माप वेगळ्या रीतीने काढतात. दोरीने किंवा टेपने घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज माणसाने १७३६ मध्ये या रीतीची कोष्टकं छापली, म्हणून तिला हॉपसचं माप म्हणतात. आपल्याकडच्या लाकूड डेपोंत हीच 'पाव घेराची' पद्धत इंग्रजांबरोबर आली आणि इथेच राहिली.

आता एक ओंडका घेऊ. घेर ३ फूट, लांबी १० फूट. शाळेतल्या भूमितीने त्याचं घनफळ ७.१६ घनफूट भरतं. पाव घेराने मोजलं तर ५.६३. म्हणजे साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबात आलंच नाही. ही फसवणूक नव्हे. साल, वाकडेपणा आणि करवतीखाली जाणारा भाग गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, म्हणून दिलेली ती सूट आहे. पुढे याच ओंडक्यातून सगळ्यात मोठी चौकोनी तुळई काढली तर ती साधारण ८.१ इंच चौरस निघते, म्हणजे ४.५६ घनफूट. रंधा मारून दोन्ही बाजूंनी मिळून पाव-पाव इंच गेला की ४.२८ उरतं.

७.१६, ५.६३, ४.५६, ४.२८. चारही आकडे खरे आहेत, आणि चारही आकड्यांना 'घनफूट' असंच म्हणतात.

म्हणूनच डेपोतला दर ऐकून 'वखारवाला दीडपट लावतो' असा निष्कर्ष काढू नये. समजा डेपोत दर घनफुटाला २,००० रुपये पडला. ओंडका ११,२६० रुपयांचा झाला. तोच पैसा ४.५६ घनफुटांवर वाटला की दर २,४७० होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २,९०० पार. अजून ट्रकचं भाडं, मिलची कटाई आणि मालकाचा नफा यात आलेलाच नाही. तुळई काढल्यावर कडेला उरणाऱ्या पाठीतून थोड्या फळ्या-पट्ट्या निघतात, त्यातून काही वसूल होतं, हेही खरं. तरी हिशेबाची दिशा बदलत नाही.

गिऱ्हाइकाने भांडायचं असेल तर ते शेवटच्या दोन आकड्यांवर. ५ बाय ३ ची चौकट 'रंधा मारून' ४.७५ बाय २.७५ ची हातात येते आणि बिल मात्र ५ बाय ३ चं असतं. फरक जवळजवळ १३ टक्के. अशी रीत आहे आणि ती चुकीचीही नाही, कारण लाकूड तेवढंच खर्च झालेलं असतं. पण एका वखारीने रंध्याआधीच्या मापाचा दर सांगितला आणि दुसरीने तयार मापाचा, तर त्यांची तुलनाच होत नाही. 'हा दर करवतीच्या मापाचा की तयार मापाचा?' एवढा एकच प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

अमेरिकेत ज्यांची मुलं-भावंडं आहेत त्यांनी तिकडच्या 'टू बाय फोर'ला एकदा पट्टी लावायला सांगावं. ते दीड बाय साडेतीन इंचच भरतं. तिथे हे प्रमाण म्हणून छापलेलं असतं, एवढाच फरक. गंमत म्हणजे मे २०२१ मध्ये शिकागोच्या वायदे बाजारात या साध्या देवदाराच्या जातीच्या लाकडाने विक्रम केला तेव्हा भाव हजार बोर्ड फुटांना १,६०० डॉलरच्या वर होता. १२ बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट. तेव्हाच्या रुपयात घनफुटाला साधारण चौदाशे रुपये. तिकडे त्या भावाने काही घरांची बांधकामं रखडली होती. आपण दाराच्या सागवानाला त्याहून कितीतरी जास्त देतो आणि पेढे वाटतो.

दांडेली जवळ आहे, तरी सागवान महाग का?

हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आलाय. धारवाडहून तासा-दीड तासात दांडेली येते. हल्याळ, यल्लापूर, किरवत्ती ही नावं आपल्याकडच्या प्रत्येक सुताराच्या तोंडी असतात. मग भाव असा का?

थोडं मागे जायला हवं. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि १९५६ पर्यंत तो आणि आपला धारवाड दोन्ही मुंबईच्याच कारभाराखाली होते. मुंबई सरकारने त्याआधीच, १८४७ मध्ये, डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे पहिले संरक्षक नेमलं होतं. कारण उघड होतं. जहाजांना साग हवा होता, पुढे रेल्वेला स्लीपर हवे झाले. हुबळीचा रेल्वे वर्कशॉप १८८५ पासूनचा आहे. अळणावरहून दांडेलीकडे जाणारा फाटा ब्रिटिश अमदानीत टाकला तोही मुख्यतः लाकूड बाहेर काढायलाच. २०१९ मध्ये त्या मार्गावर आंबेवाडीपर्यंत पॅसेंजर पुन्हा सुरू झाली तेव्हा बऱ्याच जणांना तो मार्ग आहे हेच पहिल्यांदा कळलं. आपल्या पणजोबांच्या पिढीने धारवाडात घरं बांधली ती या सुकाळाच्या काळात.

तो काळ संपला. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की मंजूर कार्य-आराखड्याशिवाय जंगलातली तोड बंद. २००२ मध्ये नव्या सॉ मिलना केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय परवाने देण्यावरही बंधन आलं. दांडेली-अणशीचं जंगल २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. आज त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. हे व्हायलाच हवं होतं, असं माझं मत आहे. पण त्याचा अर्थ असा की, डेपोत लिलावाला येणारा दांडेली साग मोजकाच, आणि त्यावर बोली लावणारे मात्र गुजरातपासून तमिळनाडूपर्यंतचे.

मग वखारी चालतात कशावर? आयातीवर आणि शेतातल्या सागावर. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून 'बर्मा टीक' हा शब्द बाजारात जेवढा ऐकू येतो तेवढा माल असणं कठीणच आहे. आफ्रिकेतला घाना, दक्षिण अमेरिकेतला इक्वेडोर, मध्य अमेरिकेतला पनामा इथल्या लागवडीतला साग कंटेनरने येतो आणि मंगळूर, तुतिकोरिन किंवा कांडला बंदरावर उतरतो. म्हणजे धारवाडातल्या चौकटीचा भाव डॉलरवर आणि जहाजाच्या भाड्यावरही हलतो. जंगल साठ किलोमीटरवर असून!

लागवडीतलं झाड वीस-पंचवीस वर्षांत तोडलं जातं. त्याचा घेर कमी, आणि कडेचा पांढरा भाग गाभ्याच्या मानाने जास्त. वाळवीला तोच पांढरा भाग आवडतो. भावात घेराला एवढं महत्त्व का, हे इथे कळतं. ३ फूट घेराऐवजी ६ फूट घेर घेतला तर लाकूड दुप्पट नाही, चौपट होतं. त्यात गाभाही मोठा असल्याने घनफुटाचा दरही चढतो. हे दोन्ही एकमेकांना गुणले जातात, म्हणून जाड ओंडक्याची किंमत ऐकून घाम फुटतो.

तुळई मत्तीची की सागाची?

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, दोन भाषांची. आजी म्हणायची ऐन, मेस्त्री म्हणतो मत्ती, झाड एकच. बिबळा म्हणजे होन्ने, नाणा म्हणजे नंदी, शिसव म्हणजे बीटे, सागाला तेग किंवा सागवानी. जांभा म्हणजे जंबे, तो मात्र ऐकूनच ओळखता येतो. ही जोडी पाठ असणं उपयोगाचं, कारण जुन्या घरात सगळंच सागाचं नसतं. दारं-खिडक्या सागाच्या, तुळया आणि कड्या बऱ्याचदा मत्तीच्या किंवा जांभ्याच्या. मत्ती वजनाला जड, ताकदीला चांगली, पण वाळताना फाटते. तिला सागाचा भाव येत नाही. कोपऱ्यात थोडा रंधा मारून वास घ्यावा. सागाला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकट लागतो. शंभर वर्षांनीही.

माझ्या काकांचं धारवाडातलं कडीपाटाचं घर गेल्या वर्षी पाडायचं ठरलं. एका कंत्राटदाराने सांगितलं, 'पाडण्याचे पैसे घेत नाही, लाकूड आणि कौलं माझी.' काकांना सौदा बरा वाटला, कारण पाडण्याचा खर्च वाचत होता. चुलतभाऊ आणि मी एका रविवारी टेप घेऊन गेलो. तो मोजायचा, मी मोबाइलवर तक्ता भरायचो. ८ बाय ६ इंचाच्या, १२ फुटी सहा तुळया: २४ घनफूट. ४ बाय ३ च्या, ७ फुटी चाळीस कड्या: सुमारे २३. सहा इंची चौरस, ८ फुटी चार खांब: ८. एकूण ५५ घनफूट. दारं-खिडक्या आणि फळ्या वेगळ्या. भिंतीत गेलेली टोकं, वाळवी आणि भेगांपोटी तिसरा हिस्सा सोडून दिला तरी ३७ घनफूट उरतं. जुन्या मालाला नव्याच्या निम्मा भाव धरूनही ती रक्कम पाडण्याच्या खर्चाच्या वर जात होती. तक्ता समोर ठेवल्यावर कंत्राटदाराशी बोलणं वेगळ्याच सुरात झालं. तो रागावला नाही. 'मोजलंय का? मग बोलूया,' एवढंच म्हणाला.

शेवटी कड्या आणि खांब विकले, सहा तुळया ठेवून घेतल्या. रंधा मारल्यावर कळलं की त्या सागाच्या होत्या. हे नशीब, प्रत्येक घरात असेलच असं नाही. आमच्या मेस्त्रींनी दोन्ही टोकांचा नऊ-नऊ इंच खराब भाग कापला, साडेदहा फूट उरलं. मधोमध चिरल्यावर एका तुळईतून ५ बाय ३ चे दोन नग निघाले. एका नगातून ७ फूट उभी बाजू आणि साडेतीन फूट आडवी. म्हणजे एका तुळईत एक चौकट, उंबऱ्यासकट, जेमतेम बसली. सहा तुळयांत नव्या घराच्या सहा चौकटी झाल्या.

खर्च दोन ठिकाणी आला. जुन्या लाकडातले खिळे काढायला एक माणूस दोन दिवस बसला. खिळा राहिला तर करवतीचं पातं जातं, म्हणून काही मिलवाले जुना माल घेतच नाहीत. आधी विचारून मगच टेंपो भरावा. दुसरा खर्च कटाईचा, तो नगावर न ठरवता घनफुटावर ठरवला तर स्वस्त पडतो. लाकूड दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वनखात्याच्या रेंज ऑफिसात आधी चौकशी करावी. सागाच्या वाहतुकीला परवाना लागतो आणि वाटेत अडवल्यावर 'आजोबांच्या घरचं आहे' हे सांगून भागत नाही.

नवं लाकूड घेणार असाल तर ते पावसाळ्यात घेऊ नका. धारवाडच्या पावसात वखारीतला माल ओला असतो, फेब्रुवारीच्या उन्हात तो आकसतो आणि चौकटीच्या सांध्यात फट पडते. संक्रांतीनंतर माल घ्यावा आणि शक्य असेल तर महिनाभर सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचून ठेवावा. काकांच्या तुळयांना याची गरज पडली नाही. त्या छपराखाली पाऊणशे वर्षं वाळत होत्या.