राखीगढी : एकसष्ट नमुने, एक साक्ष

दिल्लीच्या वायव्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर, हरियाणाच्या हिसार जिल्ह्यात राखीगढी आहे. सपाट शेतांमधून पांढरीची टेकाडे वर आलेली दिसतात. काहींच्या उतारावर गोवऱ्या रचलेल्या, तर काहींवर चक्क घरेच उभी. राखी खास आणि राखी शाहपूर ही दोन गावे इथे नांदतात आणि त्यांच्या पायाखाली हडप्पा संस्कृतीच्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक गाडले गेले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९७ पासून अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केले. २०२०च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विकासासाठी निवडलेल्या पाच पुरातत्त्वस्थळांतही राखीगढीचे नाव होते.

जगभर गाजली ती मात्र इथली दफनभूमी.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या चमूने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली ती खणली. त्यातल्या एका खड्ड्यात एक स्त्री उताणी निजवलेली होती आणि डोक्यापाशी मातीची भांडी मांडली होती. काळ साधारण इ.स.पू. २८०० ते २३००.

हाडांतून डीएनए मिळवायचा तर उष्ण हवामान हाच मोठा वैरी. उष्णतेने डीएनएचे तुकडे तुकडे होतात, वर मातीतल्या जिवाणूंचा डीएनए त्यात मिसळतो. म्हणून संशोधक कानाच्या आतल्या भागाभोवतीचे हाड निवडतात. शरीरातले ते सर्वांत घट्ट हाड, त्यामुळे डीएनए तिथे अधिक टिकतो. निर्जंतुक खोलीत, नखशिखांत झाकून घेऊन त्याची पूड काढतात; नाहीतर तपासणाऱ्याचाच डीएनए नमुन्यात मिसळायचा. एवढे करून एकसष्ट नमुन्यांपैकी फक्त एकाने, त्या स्त्रीच्या हाडाने, दाद दिली. तोही डीएनए इतका तुटपुंजा, की त्याच नमुन्यावर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करावी लागली.

सप्टेंबर २०१९मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. या स्त्रीत मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. प्राचीन इराणी लोकांशी नाते सांगणारा मोठा घटक सापडला. पण ती शाखा इराणमधल्या लोकांपासून शेती सुरू होण्यापूर्वीच, बारा हजार वर्षांहून आधी वेगळी झालेली. म्हणजे इथली शेती पश्चिमेकडून आलेल्या शेतकऱ्यांच्या लोंढ्याने आणली, ही समजूत डळमळली. तुर्कमेनिस्तानातील गोनूर आणि इराणमधील शहर-ए-सोख्ता इथल्या अकरा प्राचीन व्यक्तींचा डीएनएही याच धाटणीचा निघाला.

गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा संबंध आर्यांशी जोडला जातो; त्यामुळे ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’ असे मथळे लगेच झळकले. प्रत्यक्षात त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये आलेल्या, पाचशेहून अधिक प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासाने इ.स.पू. २०००नंतर तो पशुपालकांचा अंश दक्षिण आशियात उतरल्याचे दाखवले. ही स्त्री त्याआधीची. तिच्या डीएनएवरून आर्यांविषयीच्या वादाचा निकाल लावता येत नाही आणि एका व्यक्तीवरून एवढ्या विस्तीर्ण संस्कृतीतल्या लोकांची जनुकीय जडणघडण ठरवता येत नाही, हे तर संशोधकांनीच निबंधात नमूद केले आहे.